वर्गातले इंग्रजी बोल : दोन शतकांचा मागोवा

जून महिना जवळ आला की आपल्या धर्मग्रामांत घरोघरी एकच विषय निघतो. मुलाला कोणत्या माध्यमात घालायचे? सल्ला घेण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या आईबापांना शाळेची इमारत, फी, बसची सोय, दहावीचा निकाल ह्यांची बारीकसारीक माहिती असते. इंग्रजीच्या तासाला वर्गात कोण बोलते, कोणाशी बोलते, आणि मुलाच्या तोंडून दिवसाकाठी त्याचे स्वतःचे म्हणावेत असे किती इंग्रजी शब्द बाहेर पडतात, ही चौकशी मात्र कोणी करीत नाही. इतिहासाची पाने चाळली असता ही उपेक्षा फार जुनी असल्याचे ध्यानात येते. मुंबई इलाख्यात शाळांतून इंग्रजी शिकवण्यास आरंभ झाला त्याला दोन शतके उलटून गेली. इंग्रजी कोणाला शिकवावे, कितव्या इयत्तेपासून शिकवावे, कोणत्या पुस्तकातून शिकवावे, ह्यांवर ह्या काळात राज्यकर्ते भांडले, समाजधुरीण भांडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वर्गातल्या बोलण्याचा विचार त्या मानाने फार थोड्यांनी केला. आमच्या मते लहान मुलाचे इंग्रजी घडते किंवा बिघडते ते त्या बोलण्यातच.

ह्या कहाणीचा आरंभ मुंबईत नसून मद्रासेत आहे. १७८९ साली डॉ. अँड्र्यू बेल हे अँग्लिकन पंथाचे स्कॉटिश धर्मोपदेशक मद्रासमधील एग्मोर येथे, गोऱ्या शिपायांच्या अनाथ मुलांसाठी काढलेल्या आश्रमशाळेचे अधीक्षक झाले. ह्या मुलांपैकी अनेकांच्या माता एतद्देशीय होत्या. शाळेतले शिक्षक कंटाळलेले, मुले मागे पडलेली. एके दिवशी बेलसाहेबांच्या दृष्टीस एक देशी शाळा पडली. तेथे मुले जमिनीवर वाळू पसरून तिच्यावर बोटाने अक्षरे गिरवीत होती. आपल्या शाळेतही तसेच करावे अशी त्यांनी शिक्षकांस आज्ञा केली. शिक्षकांनी ती मनावर घेतली नाही. तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्कन नावाच्या सुमारे ८ वर्षांच्या मुलाला खालच्या वर्गाला मुळाक्षरे शिकवायला बसवले. शिक्षकांना जे साधले नव्हते ते ह्या पोराने करून दाखवले. पुढे मोठ्या मुलांनी धाकट्यांस शिकवावे हीच त्या शाळेची रीत झाली. बेल मायदेशी परतले आणि १७९७ साली त्यांनी ह्या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये छापला. इंग्लंडातल्या गोरगरिबांच्या शाळांत ही रीत ‘मद्रास पद्धत’ ह्याच नावाने पसरली. जोसेफ लँकेस्टर ह्या क्वेकर गृहस्थांनी तशाच धर्तीच्या शाळा स्वतंत्रपणे चालवल्या आणि ह्या कल्पनेचा मान कोणाचा, ह्यावरून दोघांच्या अनुयायांत बराच कलह माजला.

मान दोघांचाही नव्हे, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत थोराड विद्यार्थी धाकट्यांकडून धडे घोकून घेत. येशूसंघीयांनी १५९९ साली आपल्या विद्यालयांसाठी जी अभ्यासनियमावली केली, तिच्यातही निवडक विद्यार्थ्यांनी इतरांचे पाठांतर ऐकून घ्यावे अशी तरतूद होती. शिवाय मुलांच्या जोड्या लावून त्यांनी एकमेकांस लॅटिनमध्ये प्रश्न विचारावेत आणि चुका पकडाव्यात, असा प्रघातही त्या शाळांत होता. परकी भाषा शिकताना मुलाने मुलाशी बोलावे ही कल्पना अशी पुष्कळ जुनी आहे. बेलसाहेबांनी तिला शिस्तबद्ध यंत्राचे रूप दिले, एवढे खरे.

हे यंत्र लवकरच मुंबईस आले. १८१५ साली आर्चडीकन जॉर्ज बार्न्स ह्यांच्या पुढाकाराने बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या शाळांत बेल ह्यांची पद्धत स्वीकारण्यात आली. ह्या सोसायटीचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे एका अनपेक्षित ठिकाणी ते पुन्हा भेटणार आहे. एतद्देशीय मुलांच्या शिक्षणाचे काम काही वर्षांतच तिच्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र संस्थेकडे गेले.

त्या शाळेतल्या तासाची कल्पना करून पाहावी. एका दालनात शेकडो मुले. एक शिक्षक. त्याच्या हाताखाली अनेक मॉनिटर. मॉनिटर अक्षर दाखवतो, शब्द उच्चारतो, प्रश्न विचारतो. चुकलेल्याची चूक पुढचा मुलगा दुरुस्त करतो आणि रांगेत त्याच्या वरची जागा पटकावतो. प्रत्येक मुलाला बोलावे लागते हा ह्या पद्धतीचा मोठाच गुण. परंतु जे बोलायचे ते आधी ठरलेले. प्रश्नही ठरलेला, उत्तरही ठरलेले. मॉनिटरला स्वतःला जेवढे येते त्यापलीकडे संभाषण जाऊ शकत नाही. गर्दी मोठी आणि शिक्षक एकटा, त्यातून निघालेली ती तोड होती.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकातच मागे पडली. मॉनिटर हा शब्द मात्र आपल्या शाळांत आजतागायत टिकून आहे. त्याचे काम तेवढे पालटले. पूर्वी तो मुलांना बोलते करी. आता शिक्षक वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावे तो फळ्यावर लिहितो.

१८४० च्या दशकात इलाख्यातले शिक्षण कोणत्या भाषेतून द्यावे ह्यावर शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे पक्षपाती. कर्नल जर्विस आणि नामदार जगन्नाथ शंकरशेट ह्यांनी देशी भाषांची बाजू धरली. वाद विद्वत्तापूर्ण होता. त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. वर्गात मुलाला तोंड उघडण्याची संधी किती, हा मुद्दा दोन्ही पक्षांच्या कक्षेबाहेर राहिला.

त्या काळापासून पुढची शंभर वर्षे आपल्या मुलांनी इंग्रजी शिकले ते भाषांतराच्या वाटेने. ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर; आर-ए-टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर’ हा घोष ज्यांनी कधी ऐकला नाही असे वृद्ध मराठी वाचक विरळाच. स्पेलिंग, शब्द, अर्थ, ह्या तीन पावलांवर सारा वर्ग एका सुरात डोलत असे. पुढच्या इयत्तांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना हात दिला. ह्या पद्धतीची आता सर्रास टिंगल होते. ती आम्हांस रुचत नाही. मुलाला अर्थ कळल्यावाचून पुढे सोडायचे नाही एवढे पथ्य तरी तिने पाळले होते आणि त्यासाठी मराठीचा आधार घेण्यात कमीपणा मानला नव्हता. तिचे खरे वैगुण्य निराळे. ज्या तासाला इंग्रजी शिकवायचे त्या तासाला इंग्रजीत कोणी कोणाला काहीही सांगत नसे. शिक्षक इंग्रजीविषयी मराठीत बोलत. मुले इंग्रजी शब्दांचे अर्थ मराठीत म्हणून दाखवत. मांजर दारात आले आहे, असे इंग्रजीत सांगण्याचा प्रसंग कोणावर येतच नसे.

त्यात भर पडली सरकारी अनुदानाच्या रीतीची. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात निकालानुसार अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. इन्स्पेक्टरसाहेब यायचे, मुलांकडून वाचून घ्यायचे, शुद्धलेखन घालायचे, आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेचे पैसे ठरायचे. अशा वेळी शहाणा हेडमास्तर काय करील? साहेब जे विचारील तेच वर्षभर घोकून घेईल. वर्ग ही परीक्षेच्या दिवसाची तालीम बनली. परीक्षक बदलले, अनुदानाचे नियम बदलले, तरी तालमीची ही सवय आपल्या शाळांच्या हाडीमांशी खिळून राहिली आहे.

आपल्या समाजाला हे समजणे अवघड जाऊ नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि वेदीवर सेवा करणारी आपल्या गावांतली मुले लॅटिन प्रतिसाद खडाखडा म्हणत. आमच्या लहानपणी अशी मोठी माणसे गावात होती. उच्चार खणखणीत, एक अक्षर इकडचे तिकडे होत नसे. उपासनेसाठी ते पुरेसे होते, तिचे मोल आम्ही जाणतो. पण त्या माणसांना लॅटिनमध्ये पेलाभर पाणी मागता आले नसते, आणि तशी कोणी अपेक्षाही केली नाही. इंग्रजीकडून मात्र आपण पाण्याचीच काय, नोकरीची अपेक्षा करतो; आणि शिकवतो ते प्रतिसादांच्या रीतीने.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डाक्क्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात मायकेल वेस्ट नावाचे एक विचारी इंग्रज शिक्षणतज्ज्ञ होते. बंगाली मुलांच्या द्वैभाषिकतेवर त्यांनी १९२६ साली ग्रंथ लिहिला. बहुतेक मुले मध्येच शाळा सोडतात. सोडताना त्यांच्या हाती काय उरते, असा त्यांचा रोकडा सवाल होता. बोलणे अर्धवट राहिले तर व्यर्थ जाते, वाचन थोडे आले तरी उपयोगी पडते, म्हणून वाचन आधी, असा त्यांनी कौल दिला आणि मोजक्या शब्दांची वाचनमाला तयार केली. उतारवयात, १९६० साली, त्यांनी गर्दीच्या, साधनहीन वर्गांतील इंग्रजीवर आणखी एक पुस्तक लिहिले. अशा वर्गांचे गणित आपणही मांडून पाहावे. तास ३५ मिनिटांचा, मुले ६०. शिक्षकाने तोंड अजिबात उघडले नाही तरी एकेका मुलाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. शिक्षक तर बोलणारच. मग उरले किती?

ह्याच काळात शहरांतील अनेक कॉन्व्हेंट शाळांचा मार्ग अगदी वेगळा होता. तेथे वर्गात आणि मैदानावर फक्त इंग्रजी. मातृभाषेतला शब्द निघाला की दंड. ह्या दंडाचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. आपली घरची बोली ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे, असा समज त्याने कित्येक मुलांच्या मनात पेरला आणि त्याची फळे आपण आजही पाहतो. तथापि त्या शाळांतल्या मुलांना इंग्रजी येई, ह्याचे कारण दंड नव्हते. पाणी प्यायला जाऊ का, माझी पेन्सिल ह्याने घेतली, उद्या आई येणार नाही, ही सारी खरीखुरी कामे तेथे इंग्रजीत उरकावी लागत. धर्मभगिनी रागावत त्या इंग्रजीत, समजूत घालीत तीही इंग्रजीत. पुस्तकातल्या धड्यापेक्षा वर्ग चालवण्यासाठी लागणारे हे इंग्रजी मुलांच्या अंगी मुरत असे, कारण त्याच्यावाचून अडत असे.

स्वातंत्र्यानंतर पारडे फिरले. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४८ च्या सुमारास, पाचवी ते सातवी ह्या इयत्तांतून इंग्रजी काढण्यात आले. ते आठवीपासून सुरू होऊ लागले. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने आणखी एक पाऊल टाकले. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देऊ नये असा आदेश निघाला. नाशिकजवळच्या देवळालीतील बार्न्स हायस्कूलने त्या आदेशामुळे दोन मुलांचे प्रवेश नाकारले. त्यांत एक मुलगी भारतीय ख्रिस्ती समाजातील होती आणि एक मुलगा गुजराती हिंदू डॉक्टरांचा. प्रकरण न्यायालयात गेले. ही शाळा चालवणारी संस्था म्हणजे १८१५ ची तीच बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. शाळेला दिलेले नावही त्याच आर्चडीकन बार्न्स ह्यांचे. १९५४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने आदेश घटनाबाह्य ठरवला. केवळ भाषेच्या कारणावरून सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेचे दार नागरिकाला बंद करता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. अल्पसंख्याकांच्या शाळांना ह्या निकालाचा केवढा आधार मिळाला हे आपल्या समाजाने विसरू नये. दार उघडण्याचे काम न्यायालयाने केले. आत गेल्यावर मुलाशी काय बोलायचे, हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हते.

मराठी शाळांत इंग्रजी पुढे पुन्हा पाचवीपासून आले. आमची पिढी पाचवीत एबीसीडी गिरवणारी. तोवर देशभर ‘रचनानुसारी’ म्हणजे स्ट्रक्चरल पद्धतीचा अंमल बसला होता. हैदराबादेत १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली. मद्रास राज्यात तर हजारो प्राथमिक शिक्षकांना ह्या पद्धतीचे शिक्षण देण्याची प्रचंड मोहीम झाली. भाषांतर बंद, वाक्यरचना एकामागून एक क्रमाने, आणि प्रत्येक रचना तोंडी सरावाने पक्की करायची. गुरुजी पेन उंचावून विचारत, ‘व्हॉट इज धिस?’ साठ कंठांतून उत्तर येई, ‘धिस इज अ पेन.’

आता वर्गात निदान इंग्रजी ऐकू येऊ लागले, हे ह्या पद्धतीचे श्रेय. पण तो पेन आहे हे गुरुजींना ठाऊक, मुलांना ठाऊक, आणि मुलांना ते ठाऊक आहे हे गुरुजींनाही ठाऊक! ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत असते असा प्रश्न घरीदारी कोणी विचारत नाही. तो फक्त शाळेत विचारला जातो. मूलही चतुर असते. उत्तराचा अर्थ कोणाला नको आहे, आकार तेवढा हवा आहे, हे ते दोन दिवसांत ओळखते. मग ते गुरुजींच्या ओठांकडे पाहून सुरात सूर मिसळते. साठांच्या घोषात ज्याला काही येत नाही त्याचाही आवाज ऐकू येतोच. निम्म्या वर्गाचे अज्ञान ह्या सामुदायिक उत्तराखाली वर्षानुवर्षे झाकून राहते.

ह्या कोंडीवर आपल्याच देशात, दक्षिणेत, एक धीट प्रयोग झाला. मराठी वाचकांना तो फारसा परिचित नाही म्हणून जरा विस्ताराने सांगतो. न. स. प्रभू हे मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजी अध्यापनाचे अधिकारी होते. १९७९ ते १९८४ ह्या काळात त्यांनी बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या सहकार्याने बंगळूर, मद्रास आदी ठिकाणच्या साध्या शाळांत तो चालवला. वर्ग मोठे, साधने म्हणजे खडू-फळा, मुले सुमारे ८ ते १५ वर्षांची, घरी इंग्रजीचा गंध नसलेली. प्रभूंचे म्हणणे असे की मुलाचे मन अर्थाचा माग काढण्यात गुंतले असेल तेव्हाच भाषेची रचना त्याच्या नकळत आत रुजते. म्हणून त्यांनी व्याकरणाचा क्रम टाकला, घोकंपट्टी टाकली आणि त्यांच्या जागी कोडी ठेवली. फळ्यावर गाड्यांचे वेळापत्रक लिहिलेले आहे. दुपारी अमुक वाजता अमुक गावी पोहोचायचे असेल तर कोणती गाडी धरावी? ती चुकली तर पुढची चालेल काय? ह्या धर्तीचे प्रश्न. पहिले कोडे शिक्षकाने सगळ्या वर्गाबरोबर बोलत बोलत सोडवायचे. तसेच दुसरे मुलाने एकट्याने सोडवायचे.

ह्या तासांतले बोलणे निराळेच होते. शिक्षकाला उत्तर हवे असे, आणि ते बरोबर की चूक हे वेळापत्रकाशी ताडून ठरे. मूल एका शब्दात बोलले तरी चालत असे. मातृभाषेत बोलले तरी त्याला दटावत नसत. शिक्षक तेच म्हणणे धड इंग्रजीत पुन्हा उच्चारून पुढे जात. मुलांना कळले नाही असे दिसले की वाक्य सोपे करत, सावकाश बोलत, प्रश्न फिरवून विचारत. आई लहानग्याशी बोलताना करते तेच. मुलांना गटात बसवून आपापसांत इंग्रजी बोलायला लावणे मात्र प्रभूंनी टाळले. कच्च्या इंग्रजीची मुलांत एकमेकांना लागण होईल अशी त्यांना भीती होती. येथे आमचे त्यांच्याशी पुरते जुळत नाही. आठ वर्षांच्या फ्रिस्कनला त्यांनी फार लवकर वर्गाबाहेर घालवले असे वाटते. प्रयोगाच्या अखेरीस बाहेरच्या परीक्षकांनी तुलना केली. जुन्या पद्धतीची मुले रचनांच्या चाचणीत सरस ठरली. मिळवलेले इंग्रजी उपयोगात आणण्याच्या चाचण्यांत बहुतांशी प्रभूंची मुले पुढे होती. निर्णय एकतर्फी नव्हता. १९८७ साली प्रभूंनी ह्या सगळ्यावर पुस्तक लिहिले. जगभरच्या भाषाशिक्षकांनी ते वाचले. आपल्या प्राथमिक शिक्षकांपर्यंत ते कितपत पोहोचले, ते वर्गांकडे पाहून प्रत्येकाने ठरवावे.

परदेशांतही ह्या सुमारास वर्गातले बोलणे शास्त्रीय रीतीने तपासले जाऊ लागले होते. बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्थर्ड ह्यांनी प्राथमिक वर्गांतल्या संवादांचे ध्वनिमुद्रण करून १९७५ साली दाखवले की वर्गातील संभाषण बहुधा तीन पावलांत चालते. शिक्षक विचारतो, मूल उत्तर देते, शिक्षक ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतो. पहिला आणि शेवटचा शब्द शिक्षकाचा. मधली फट तेवढी मुलाची. अमेरिकेत मेरी बड रो ह्या विदुषीने प्राथमिक शाळांतील विज्ञानाचे तास तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत, असे त्यांना आढळले. तीन सेकंद थांबण्याची सवय लावताच मुलांची उत्तरे लांबली आणि गप्प बसणारी मुले बोलू लागली. हे विज्ञानाचे, तेही त्या मुलांच्या रोजच्या भाषेत. परक्या भाषेत शब्द जुळवणाऱ्या मुलाला तर तीन सेकंदही अपुरे पडत असतील.

जून २००० मध्ये महाराष्ट्रात सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सक्तीचे झाले. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. इंग्रजी ही शहरातल्या सुखवस्तू मुलांची मिरास राहू नये, ही ह्या निर्णयामागची तळमळ आम्हांस तेव्हाही पटली होती. विरोध करणारेही मराठीच्या जिव्हाळ्यानेच बोलत होते. वाद पुन्हा इयत्तेचाच झाला. ज्या शिक्षकांनी स्वतः पाचवीत किंवा आठवीत पुस्तकातून इंग्रजी शिकले, वर्गाबाहेर ते कधी बोलले नाहीत, त्यांनी सहा वर्षांच्या मुलांशी इंग्रजीत बोलायचे होते. पुस्तके बालगीतांची, हावभावांची, ‘उभे राहा, दाराला हात लावा’ अशा सूचनांची होती. कल्पना चांगली. पण बिचकलेला शिक्षक सूचना देण्याऐवजी त्या वाचून दाखवतो, आणि मुले दाराला हात लावण्याऐवजी ते वाक्य मागून म्हणतात. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासननिर्णय निघाला आणि जूनअखेर तो मागे घेण्यात आला, तेव्हाही चर्चा कितवीपासून एवढ्यापुरतीच होती.

आता आपल्या अंगणात येऊ. आमच्या वसई परिसरातल्या घरांत कोठे सामवेदी बोलली जाते, कोठे वाडवळी. देवळात मराठी, शाळेत इंग्रजी. आजीशी एक भाषा, देवाशी दुसरी आणि टीचरशी तिसरी बोलणारे मूल हे मुळात भाषांच्या बाबतीत श्रीमंत मूल. शाळेत गेल्यावर ते मुके होते ते कशाने? ह्या निमित्ताने आम्ही काही वर्गांत मागच्या बाकावर बसून तास ऐकले. इंग्रजी माध्यमाच्या एका पहिलीत तासभर इंग्रजी चालले होते, आणि मुलांच्या वाट्याला ‘येस टीचर’ व पुस्तकातल्या वाक्यांचा घोष एवढेच आले. माध्यम इंग्रजी होते. त्या मुलांचे इंग्रजी बोलणे मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या भाषांतराच्या तासाहून फारसे अधिक नव्हते. उलट त्यांना अर्थही कोणी सांगितला नव्हता.

दुसरा तास एका मराठी शाळेतल्या दुसरीचा. पावसाचे दिवस. एक मुलगा उशिरा, गुडघाभर चिखल माखून आला. बाईंनी इंग्रजीत विचारले, कुठे होतास? तो थांबला. बाईही थांबल्या. वर्ग त्याच्याकडे पाहू लागला. मग तो म्हणाला, ‘टीचर, बावखल फुल. रोड वॉटर.’ कोणी हसले नाही. बाई म्हणाल्या, ‘ओ, द बावखल इज फुल! इज देअर वॉटर ऑन द रोड? डिड यू वॉक?’ मुलगा म्हणाला, ‘नो वॉक. पप्पा कॅरी.’ बाई म्हणाल्या, ‘पप्पा कॅरीड यू!’ तेवढ्यात मागून एक मुलगी उठली आणि कोणी न विचारता म्हणाली, ‘माय पप्पा ऑल्सो कॅरीड.’ ते ‘कॅरीड’ तिने त्याच क्षणी उचलले होते. फळ्यावर भूतकाळ लिहिलेला नव्हता. बावखल ह्या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधण्याच्या फंदात बाई पडल्या नाहीत, हेही आम्हांस फार आवडले.

हे घडायला पाच मिनिटे लागली आणि पुस्तकातला धडा तेवढा मागे राहिला. तास संपल्यावर बाईंनी आम्हांस सांगितले की आपण स्वतः मराठी माध्यमात शिकलो, फर्डे इंग्रजी आपल्याला येत नाही. रोज एका मुलाने घरून एखादी वस्तू आणावी, शिंपला, कोयता, आजीची जपमाळ, काहीही, आणि इतरांनी त्याला तिच्याविषयी प्रश्न विचारावेत, एवढा त्यांचा नेम आहे. उत्तर त्या मुलालाच माहीत असते, बाईंना नाही. अडले तर सामवेदीत बोलायची मुभा असते. त्या शाळेच्या दुसरीत यंदा १९ मुले आहेत. पुढच्या वर्षी वर्ग चालवता येईल एवढी मुले मिळतील की नाही, ह्याची चिंता मुख्याध्यापकांनी निघताना आम्हांस बोलून दाखवली.